‘व्यासंग’ या शब्दाविषयी

वर्षानुवर्षांच्या अभ्यासातून येणाऱ्या खोल ज्ञानासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. विद्वत्ता आहे, पांडित्य आहे, व्युत्पन्नता आहे, बहुश्रुतता आहे. माणसाचे वर्णन करायचे झाले तर गाढा, प्रकांड, निष्णात, पारंगत, दशग्रंथी अशी एकाहून एक भारदस्त विशेषणे आहेत. ‘व्यासंग’ हा शब्दही आपण याच रांगेत बसवतो, आणि गौरवपर लेखात तर विद्वत्ता व व्यासंग हे दोन शब्द जोडीनेच येतात, जणू एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणजे ती अधिक ठसते. मला मात्र हा शब्द या रांगेतला वाटत नाही. त्याची घडण वेगळी आहे, त्याचा वाक्यातला वावर वेगळा आहे, आणि तो नेमका वापरला तर माणसाविषयी जे सांगता येते ते विद्वत्ता किंवा पांडित्य या शब्दांनी सांगता येत नाही.

घडणीपासून सुरुवात करतो. ‘व्यासंग’ उच्चारताना व्यासांची आठवण होते, पण त्यांचा या शब्दाशी संबंध नाही. वि आणि आ हे दोन उपसर्ग आणि त्यांच्यापुढे सञ्ज् हा धातू, अशी याची फोड आहे. सञ्ज् म्हणजे चिकटणे, जडणे, लटकून राहणे. या धातूचे कुटुंब मराठीत मोठे आहे. संग आणि प्रसंग त्यातलेच, आसक्ती आणि अनुषंगही त्यातलेच; जुन्या काव्यात भेटणारे उत्संग म्हणजे मांडी आणि निषंग म्हणजे बाणांचा भाता हेही त्याच धातूचे आहेत, कारण मूल मांडीला बिलगते आणि भाता पाठीला लटकतो. (‘सक्ती’ हा शब्द ऐकायला ‘आसक्ती’च्या इतका जवळचा असूनही या कुटुंबातला नाही, तो फारसीतल्या सख्तीपासून आला आहे. जे आपणहून जडते त्याला आसक्ती आणि जे बळाने लादले जाते त्याला सक्ती म्हणावे, आणि दोन्ही शब्द असे शेजारी येऊन बसावेत, याचे मला नेहमी नवल वाटते.) म्हणजे व्यासंग या शब्दाच्या मुळाशी जाणणे नाही. तेथे जडणे आहे. विद् धातूपासून आलेली विद्या आणि विद्वत्ता, ज्ञा धातूपासून आलेले ज्ञान आणि विज्ञान, या सर्वांपासून तो मुळातच दूर उभा आहे.

संस्कृतात हा शब्द नेहमी कौतुकाचाच होता असेही नाही. एखाद्या गोष्टीवरची निष्ठा, तत्परता, सततचा अभ्यास हे त्याचे अर्थ तेथे आहेतच, पण मन दुसरीकडे गुंतल्यामुळे समोरच्या गोष्टीकडे होणारे दुर्लक्ष हाही त्याचाच अर्थ आहे. न्यायदर्शनात या दुसऱ्या अर्थाला विशेष महत्त्व आहे. नैयायिकांच्या मते मन अणुरूप आहे, त्यामुळे ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाऊ शकते. डोळे उघडे आहेत, पदार्थ समोर आहे, उजेडही आहे आणि तरीही माणसाला तो दिसत नाही, असे का होते, याचे उत्तर देताना ते व्यासक्त मनाचा दाखला देतात. मन दुसऱ्या विषयाला जडलेले असते, म्हणून इंद्रियाचे काम होऊनही ज्ञान होत नाही. बृहदारण्यक उपनिषदातही हाच अनुभव अगदी साध्या शब्दांत आला आहे: माझे मन दुसरीकडे होते म्हणून मी पाहिले नाही, माझे मन दुसरीकडे होते म्हणून मी ऐकले नाही.

मराठीने हा शब्द घेतला तेव्हा त्यातला दोषाचा अर्थ मागे टाकला आणि निष्ठेचा तेवढा ठेवला. आज कोणी ‘व्यासंगामुळे माझे लक्ष नव्हते’ असे म्हणत नाही. तरी तो जुना अर्थ पूर्णपणे पुसला गेला आहे असे मला वाटत नाही, कारण एका विषयाला जडणे म्हणजे दुसऱ्या अनेक विषयांपासून सुटणे हे व्यासंगाच्या स्वरूपातच आहे. ज्याला व्यासंग आहे त्याला कितीतरी गोष्टी दिसत नाहीत, ऐकू येत नाहीत, आणि त्या न दिसण्याची किंमत त्याने व बहुधा त्याच्या घरच्यांनीही मोजलेली असते.

आता रांगेतल्या इतर शब्दांकडे वळतो, कारण येथेच विषयाचा गाभा आहे. निष्णात म्हणजे ज्याने पुरते स्नान केले आहे असा. स्नातक या शब्दातही तेच स्नान आहे. पारंगत म्हणजे पलीकडच्या काठाला पोहोचलेला. गाढ हा गाह् म्हणजे बुडी मारणे या धातूचा शब्द, तेव्हा ‘गाढा विद्वान’ म्हणजे शब्दशः बुडी मारून झालेला. व्युत्पन्न आणि बहुश्रुत यांचीही घडण अशीच आहे. बहुश्रुत म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकलेले आहे तो, आणि ज्या काळी विद्या मुखानेच दिली जात होती त्या काळाची खूण या शब्दात अजून टिकून आहे. पाण्याच्या प्रतिमा या शब्दांत इतक्या का याव्यात हा स्वतंत्र आणि मोठा मनोरंजक प्रश्न आहे, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती व्याकरणातली एक गोष्ट. हे सगळे शब्द भूतकालवाचक धातुसाधिते आहेत. स्नान झाले, काठ गाठला, बुडी मारून झाली, ऐकून झाले. ज्ञानाची क्रिया येथे पुरी झालेली आहे आणि माणूस तिच्या पलीकडे उभा आहे.

‘विद्वान’ हा शब्द यात थोडा निराळा पडतो. पाणिनीने त्याची सिद्धी वर्तमानकालवाचक प्रत्ययाच्या जागी दुसरा प्रत्यय घालून केली आहे, म्हणजे त्याच्या दृष्टीने विद्वान हा ‘जाणणारा’च आहे. तरीही त्यात जाणणे आहे, जाणण्यासाठी चाललेली खटपट नाही. ‘प्रकांड’ तर क्रियेशी संबंधच ठेवत नाही. प्रकांड म्हणजे झाडाचा बुंधा, आणि अमरकोशाने तो मतल्लिका, मचर्चिका यांच्या जोडीने केवळ प्रशंसा दाखवणारा शब्द म्हणून नोंदवला आहे. दशग्रंथी हे विशेषण मोजमापाचे आहे: संहिता, ब्राह्मण, आरण्यक, निघंटू आणि सहा वेदांगे मिळून दहा ग्रंथ ज्याने मुखोद्गत केले तो दशग्रंथी. म्हणजे दहावा ग्रंथ पुरा झाला की विशेषण लागू होते आणि पुढे ते कायम राहते.

व्यासंग हे यांपैकी काहीच नाही. त्याग, पाक, योग हे शब्द जसे निव्वळ क्रिया सांगतात, तसा व्यासंग हाही क्रिया सांगणारा भाववाचक शब्द आहे: जडून असणे. ही क्रिया संपली असे तो सांगत नाही, तिचे फळ मिळाले असेही सांगत नाही. म्हणूनच ज्याचा व्यासंग आहे त्याला सगळे ठाऊक आहे असा दावा या शब्दातून निघत नाही, आणि मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

वाक्यातल्या वापरातही हा फरक चोख दिसतो. विद्वत्तेला विषय सांगावा लागत नाही. ‘ते मोठे विद्वान आहेत’ एवढे म्हटले की वाक्य पुरे होते. ‘त्यांचा मोठा व्यासंग आहे’ असे म्हटले की मात्र ऐकणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उठतो, कशाचा? व्यासंगाला षष्ठी लागते: ज्ञानेश्वरीचा व्यासंग, शिलालेखांचा व्यासंग, पक्ष्यांचा व्यासंग, कायद्याचा व्यासंग. जडायला काहीतरी हवेच. क्रियापदेही वेगळी आहेत. विद्या संपादन करतात, पदवी मिळवतात, ज्ञान प्राप्त करतात. व्यासंग करतात, ठेवतात, वाढवतात, जोपासतात, आणि कधी कधी तो सुटतो. ‘व्यासंग मिळवला’ असे मराठी माणूस म्हणत नाही, आणि ‘विद्वत्ता सुटली’ असेही म्हणत नाही. एकदा विद्वान झालेला माणूस पुढची वीस वर्षे पुस्तक न उघडता विद्वान म्हणवून घेऊ शकतो. व्यासंगी म्हणवून घ्यायचे तर त्याला व्यासंग चालू ठेवावा लागतो.

व्यासंगाच्या शेजारचे पण त्याहून वेगळे असे आणखी काही शब्द आहेत. वाचनाचा छंद आणि वाचनाचा व्यासंग यांत अंतर आहे, हे बोलणाऱ्या प्रत्येकाला कळते. छंदाला मोकळा वेळ पुरतो आणि आनंद हेच त्याचे साध्य असते. व्यासंगात शिस्त असते, टिपणे असतात, मूळ आधारापर्यंत जाण्याचा हट्ट असतो. नाद आणि वेड यांत ओढ असते, पण त्या ओढीला वळण असेलच असे नाही. संगीताच्या क्षेत्रात तर मराठीने फार नेमकी विभागणी केली आहे. गाण्याचा रियाज असतो आणि संगीताचा व्यासंग असतो. रियाज गळ्याचा आणि हाताचा, व्यासंग विषयाच्या ज्ञानाचा. काही थोर गायकांचा रियाज अफाट असतो पण शास्त्राचा व्यासंग नसतो, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. व्यसन या शब्दाची गोष्ट उलटी झाली. तो संस्कृतात संकट आणि वाईट सवय या अर्थांबरोबरच चांगल्या गोष्टीतल्या गढून जाण्यासाठीही वापरला जाई. भर्तृहरीने महात्म्यांचे स्वाभाविक गुण सांगताना ‘व्यसनं श्रुतौ’, म्हणजे शास्त्राभ्यासाचे व्यसन, हाही एक गुण सांगितला आहे. मराठीत व्यसनाला वाईट अर्थ उरला आणि व्यासंगाला चांगला. मोह आणि निष्ठा या दोहोंच्या मध्यावर असलेले हे दोन शब्द भाषेने असे दोन दिशांना पाठवले.

आणखी एका बाबतीत व्यासंग एकटा आहे. विद्वत्तेच्या बहुतेक शब्दांना मराठीत उपहासाची छटा चिकटली आहे. पांडित्याचे प्रदर्शन होते, पांडित्य पाजळले जाते, कोरडे पांडित्य असते, शब्दपांडित्य असते. रामदासांनी दासबोधात मूर्खलक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खाची लक्षणे सांगण्यासाठी वेगळा समास लिहिला, कारण शिकलेल्याच्या मूर्खपणाची जात निराळी आहे हे त्यांना दिसत होते. ‘विद्वान’ हा शब्दही आवाजाच्या किंचित बदलाने टोमणा होतो. पण व्यासंग पाजळता येत नाही. ‘मोठा आला व्यासंगी’ असे म्हणून कोणाला खिजवलेले मी ऐकलेले नाही. याचे कारण मला असे वाटते की उपहास हा दाव्याचा होतो, आणि व्यासंगात ज्ञानाचा दावा नाही, केवळ श्रमाची नोंद आहे.

या शब्दाला साजेशी माणसे आठवायची तर पहिले नाव पांडुरंग वामन काणे यांचे घ्यावे लागते. मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या काण्यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन करताना प्रस्तावनेत धर्मशास्त्रावरच्या ग्रंथांचा थोडा इतिहास द्यावा असे ठरवले. ती प्रस्तावना वाढत गेली आणि तिच्यातून धर्मशास्त्राचा इतिहास हा इंग्रजीतला महाग्रंथ उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली पुरा झाला. सगळी मिळून सुमारे साडेसहा हजार पाने. पहिल्या खंडाच्या वेळी लेखक पन्नास वर्षांचे होते आणि शेवटच्या वेळी ब्याऐंशी वर्षांचे. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले. काण्यांना विद्वान म्हणणे, प्रकांड पंडित म्हणणे मुळीच चूक नाही. पण पन्नासाव्या वर्षी ज्याची विद्वत्ता मान्य झालेली होती त्या माणसाने पुढे बत्तीस वर्षे काय केले हे सांगायला व्यासंग हाच शब्द लागतो.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे उदाहरण मला याहूनही जवळचे वाटते. हे पेशाने शिक्षक, विद्यापीठाची पदवी नसलेले. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. वेदकाळापासून त्यांच्या काळापर्यंतच्या ज्योतिषग्रंथांचा आणि पंचांगपद्धतींचा त्यांनी घेतलेला शोध मराठीत आहे, आणि या विषयाच्या अभ्यासकांना तो आजही टाळता येत नाही. पदवी ही ज्ञानाची खूण मानली तर दीक्षितांना कोठे बसवायचे असा प्रश्न पडेल. व्यासंग या शब्दाला तो प्रश्न पडत नाही.

विष्णू नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला ठेवून गावोगावच्या गायकांकडून बंदिशी मिळवल्या, जुने संस्कृत ग्रंथ तपासले, प्रत्यक्ष गायनात काय चालते ते ग्रंथांतल्या मताशी ताडून पाहिले, आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांनी स्वतः गाण्याचे शिक्षण घेतले होते, पण मैफलीचा गवई म्हणून त्यांची ओळख नाही. रियाज आणि व्यासंग यांतला जो फरक वर सांगितला तो त्यांच्या कामात डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत त्यांनी ज्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या, त्यांतल्या कितीतरी घराण्यांच्या बाहेर जायच्याच नव्हत्या.

व्यासंग एका माणसाचाच असतो का? मराठीत आपण तसे मानतो, पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहिली की मला हे मत सैल करावेसे वाटते. हे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली संपले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली, १९ खंड निघाले. विष्णू सीताराम सुकथनकर यांनी १९२५ साली संपादनाची सूत्रे हाती घेतली, पाठनिर्णयाचे नियम घालून दिले, आणि १९४३ साली काम अर्ध्यावर असतानाच त्यांचे निधन झाले. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले. येथे विषयाला जडलेला माणूस बदलत गेला पण जडणे तुटले नाही. पतंजलीने योगसूत्रांत अभ्यासाविषयी जे सांगितले आहे, की तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तरच पक्का होतो, ते तीनही अटींसह या कामाला लागू पडते, आणि त्यातली तिसरी अट, आदराची, मला सर्वांत अवघड वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत या शब्दाने नकळत एक चांगले काम केले आहे. विद्वानाचे स्त्रीलिंग विदुषी, पंडिताचे पंडिता. हे शब्द जुने आहेत, पण ते उच्चारले की अपवादाचा गौरव केल्यासारखे वाटते. रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा ती घटना होती, आणि पंडिता हा शब्द त्यांच्या नावाला असा जोडला गेला की तो जवळजवळ त्यांचाच झाला. ‘व्यासंगी’ला लिंगभेद नाही. दुर्गा भागवत यांनी लोकसाहित्याचा व्यासंग केला, इरावती कर्वे यांनी मानववंशशास्त्राचा आणि महाभारताचा केला, आणि काणे किंवा राजवाडे यांच्याविषयी लिहिताना जे वाक्य लिहिले असते त्याच वाक्यात त्यांचे वर्णन बसते.

आज हा शब्द स्वस्त झाला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. सत्कार समारंभात ‘व्यासंगी व्यक्तिमत्त्व’ हा शब्दप्रयोग पाहुण्याच्या नावाआधी ठरल्यासारखा येतो, आणि त्यांचा व्यासंग कशाचा हे वक्ता सांगत नाही, कारण ते त्यालाही माहीत नसते. ‘चौफेर व्यासंग’ आणि ‘चतुरस्र व्यासंग’ ही अशीच पोकळ झालेली जोडी. चौफेर वाचन असू शकते, बहुश्रुतता चौफेर असू शकते आणि ती मोलाची आहे. पण चारी दिशांना एकाच वेळी जडता येत नाही. फार थोड्या माणसांनी दोन किंवा तीन विषयांचा खरा व्यासंग केला, आणि त्यांच्याविषयी लिहिताना ते विषय नावाने सांगावेत. ‘दांडगा व्यासंग’ हा रूढ प्रयोग मात्र मला आवडतो. दांडगा या विशेषणात ताकद आणि थोडा आडदांडपणा आहे, आणि कागदपत्रांसाठी गावोगाव वणवण करणाऱ्या विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यासारख्या माणसाला ते पुरेपूर शोभते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड नाजूक व्यासंगातून निघाले नसते.

शेवटची एक गोष्ट वयाची. विद्वान, पंडित, निष्णात हे शब्द आपण उतारवयाच्या माणसांसाठी राखून ठेवतो, आणि ते योग्यच आहे, कारण ते पूर्ण झालेल्या प्रवासाचे शब्द आहेत. व्यासंगाला तेवढी वाट पाहावी लागत नाही. विशीतली एखादी मुलगी दोन वर्षे मोडी लिपीतली कागदपत्रे रोज वाचत असेल, अडलेल्या शब्दांची वही ठेवत असेल, एका अक्षराच्या वळणासाठी दहा दफ्तरे उलटत असेल, तर तिला विदुषी म्हणणे अतिशयोक्ती होईल आणि बहुधा तिलाच ते आवडणार नाही. तिचा मोडी कागदपत्रांचा व्यासंग आहे असे मात्र आजच, पूर्ण जबाबदारीने म्हणता येते.